पंधराव्या दिवशी परत बघणे

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते फोडणार नाहीस, म्हणून पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी बापाला माफ असावी. घर ठीक आहे. चहा अजून दोन कपच होतो. दुसरा ओट्यावर गार होतो, मग तोही मीच पितो.

वेधशाळेत काम तेच. सकाळी जाऊन दुर्बिणीने आदल्या रात्री घेतलेले फोटो तपासायचे. गेल्या महिन्यात गॅमा किरणांचा एक स्फोट माझ्या वाट्याला आला. स्फोट वीस सेकंदांचा. मागे राहिलेला उजेड रोज मंदावत गेला आणि पाचव्या दिवशी फोटोत काही दिसेना. मी वहीत ‘संपलं’ लिहून ती जागा यादीतून खोडली. तीस वर्षं यात घालवून ही चूक! नवख्यांना आम्ही पहिला धडाच देतो, पंधराव्या दिवशी परत बघणे. कारण अशा किरणांमागे पुष्कळदा एक भलामोठा तारा फुटलेला असतो, नेहमीच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जोरात. त्याला हायपरनोव्हा म्हणतात. किरण क्षणात येऊन जातात, पण खुद्द ताऱ्याचा उजेड चढायला दोन आठवडे लागतात. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं आणि दुर्बीण परत वळवायला लावली. उजेड तिथेच होता.

तूही वीस सेकंदच बोललीस. आई दोन वर्षं आजारी होती आणि मी तिच्याकडे एकदाही धड पाहिलं नाही, एवढंच. मग दार आपटून गेलीस. मला मिरच्या झोंबल्या. पाचव्या दिवशी तुझी खोली खोक्यांत भरून चिकटपट्टी लावून टाकली. जित्याची खोड, दुसरं काय.

खरं सांगू? तिच्याकडे बघायची मला भीती वाटायची गं. काय मंदावतंय हे ओळखणं माझं कामच, त्यामुळे मला सगळं कळत होतं. म्हणून फोटोंत डोकं खुपसून बसलो. ती जायच्या आधी हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

त्या किरणांचा झोत आपल्या रोखाने असला तरच दिसतो, नाहीतर तारा कुठे फुटला, कुठे बघायचं, याचा बहुधा पत्ताही लागत नाही. तू माझ्या तोंडावर बोललीस, हे बरं झालं. तू गेल्याला आज पंधरावा दिवस. सकाळी खोकी उघडली, सामान परत लावायला घेतलं, तर कुठली वस्तू कुठे असायची हेच आठवेना. तुझ्याही खोलीकडे मी कधी धड पाहिलं नव्हतं. म्हणून हे पत्र. एकदा ये आणि काय कुठे ठेवायचं ते दाखव. मी बघतो.

तुझाच,
बाबा