हेस्टरताईला न जमण्याबाबत

मँचेस्टर,
१६ ऑक्टोबर १९५५

सौ. हेस्टरताईस धाकट्या म्यूरिअलचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला आपापल्या जागी स्थिर असतील असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. बिघडला आहे तो स्वभाव.

गेली पाच वर्षे मी गणकयंत्राला आज्ञा लिहून देण्याची तपश्चर्या करते आहे, हे तू जाणतेसच (शेजारणींना मात्र मी टंकलेखिका आहे म्हणून सांगतेस, तेही मी जाणते). आमचे यंत्र संख्या उलटीकडून वाचते, एककाचा अंक आधी. म्हणून आम्हीही तशीच लिहितो. याच सवयीने गेल्या हिवाळ्यात मी कोळशाची १२ पोती मागवली आणि दारात २१ येऊन पडली. विद्येसाठी माणसाने आणखी काय सोसायचे?

आता आमचे प्रमुख हॅलिवेल यांनी एक अनुवादक आणला आहे. तो माणूस नव्हे, यंत्रातच राहणारा आज्ञांचा संच. आपण शाळेतल्यासारखी साधी समीकरणे लिहावीत, त्यांच्या यंत्राज्ञा तो स्वतः करतो. मंगळवारी एक पूल बांधणारे इंजिनिअर आले, ओला कोटही न काढता अर्ध्या तासात चौदा ओळी खरडल्या आणि उत्तर घेऊन गेले. त्याच गणिताला मला तीन आठवडे लागले होते. (यंत्रावर माझ्या हातच्या आज्ञा मात्र त्याच्यापेक्षा दसपट वेगाने चालतात. हे कुणी विचारले नाही, म्हणून मीच तीनदा सांगितले.)

"बाई, आता यात काही राहिलं नाही हो," हॅलिवेल म्हणाले. "कुणालाही जमेल."

"कुणालाही? आमच्या ताईला जमेल?"

"आणा की शनिवारी. त्यांना जमलं, तर तुमची ती यंत्राज्ञांची वही कपाटात घालू आणि सगळं काम अनुवादकाला देऊ."

ती वही म्हणजे माझी पाच वर्षे. तेव्हा ताई, शनिवारी सकाळच्या बसने ये. विणकामाचा नमुना तू दरवेळी चुकवतेस आणि दोष लोकरीला देतेस. त्याच निष्ठेने इथेही चुकून दाखव. माझी सारी भिस्त तुझ्यावर आहे.

तुझी,
म्यूरिअल

ता. क. अनुवादकाची खोड मोडावी म्हणून तुझ्या मुरंब्याच्या साखरेचे गणित मी त्याला घातले. चार ओळी, पहिल्याच फटक्यात बरोबर. उत्तर या कागदाच्या पाठीमागे लिहिले आहे. कुणाला बोलू नकोस.

आणखी एक. नवशिक्यांसाठीची सूचनापत्रिका सोबत जोडली आहे. ती मीच लिहिली आहे, आठ वेळा खोडून. इतके स्वच्छ लिहूनही तुला जमले नाही, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.