सुएकोचा श्वास

४ एप्रिल
गोतो बेटावर पोचले. नागासाकीत जन्मभर पोरींना इंग्रजी शिकवलं, आता खुशाल समुद्र बघणार. धाकटी बहीण सुएको हिवाळ्यात गेली, तिचं घर आता माझं. अंगणात कॅमेलिया अजून फुललाय. शेजारच्या इरिगुचीबाई भाजलेले मासे घेऊन आल्या, हसून-हसवून बेजार केलं. जाताना म्हणाल्या, ताई, सुएकोचा श्वास हल्ली तोक्योत विकतात, ठाऊक आहे ना?

५ एप्रिल
इरिगुचीबाईंकडून सगळं कळलं. कुरोइवा नावाचा संगीतकार हिवाळ्यात चर्चच्या पायपेटीचा आवाज टिपायला आला होता. पेटी सुएको वाजवायची. ती अंथरुणाला खिळल्यावर या गृहस्थाने मायक्रोफोन तिच्या तोंडाशी धरला. तिचे शेवटचे श्वास यंत्रावर ताणताणून अल्बम केला. इरिगुचीबाईंकडची सीडी आणून लावली. चाल नाही, ताल नाही. फ्रिजला वैराग्य आल्यासारखी नुसती घरघर. पण तळाशी सुएकोची धाप! ऐकतच राहिले. वेष्टनावर तिचं नाव कुठेच नाही.

९ एप्रिल
कुरोइवाला फोन केला. म्हटलं, तिचं नाव घाल. म्हणे, आजी, तो आता श्वास राहिला नाही, निव्वळ नाद झालाय. नादाला कुठलं नाव? मी म्हटलं, मग स्वतःच्या आईची घरघर विक, मेल्या. त्याने फोन ठेवला.
सुएकोच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून स्पष्ट सांगितलं: हे वाजवणाऱ्या प्रत्येकाचा श्वास तू घे. असला शाप ऐकून शाळेतल्या सिस्टरनी माझं तोंड साबणाने धुतलं असतं.

१७ एप्रिल
पेपरात आलंय. फुकुओकात भर कार्यक्रमात कुरोइवा श्वास कोंडून यंत्रावर कोसळला, तिथेच गेला. सूर चालूच होता, म्हणून श्रोते डोळे मिटून बसून राहिले. शेवटी टाळ्यासुद्धा वाजवल्या! मी चहाबरोबर तांदळाची गोड मोची खाल्ली आणि सीडी लावली. आता तिच्यात दोन धापा आहेत. दुसरी पुरुषाची. फार बरं वाटलं.

१९ एप्रिल
इरिगुचीबाई हसता हसता थांबल्या. श्वासच येईना. सीडी त्यांनीही वाजवली होती, माझ्याआधी. सुएकोला सांगितलं, ही नव्हे गं. हिने तुला पेज भरवली.

२० एप्रिल
बाई गेल्या. मी सीडी मोडून टाकली, तरी घरघर थांबत नाही. तीन धापा — तिसरी मध्येच हसते —

२१ एप्रिल
खिडक्या उघड्या, तरी हवा पुरत — चौथी सुरू झालीय. ओळखते मी ती.
सुएको, मी ताई. तुझ्याच बाजूने तर — मी फक्त तुला ऐकायला लाव —