न आलेलीची खुर्ची

इन्व्हर्नेस, २९ मार्च

ती. उना आत्यास,
मॉर्व्हनचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं, बरं’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. दोन्ही विद्यापीठांनी मला जागा दिली आहे, लंडनच्या हार्टवेलनं आणि समुद्रकाठच्या किल्मोरानं. मे संपायच्या आत एक निवडायचं आहे. आईनं हार्टवेल म्हटलं की बाबा किल्मोरा म्हणतात, आणि मी ताटावरून उठते.

दोन्हीकडे राहून आले. हार्टवेल म्हणजे सगळी काच. मुलं उभ्याउभ्या सँडविच खातात, चालता चालता वाद घालतात. मला हिंडवणारीनं माझं नाव सारखं विचारलं आणि निरोप देताना भलत्याच नावानं हाक मारली. मला ते आवडलं. तिथे कुणीही होता येईल.

किल्मोरात मी सांगायच्या आधीच सगळ्यांना माझं नाव ठाऊक होतं. काळे झगे घालून, आधी लॅटिन प्रार्थना म्हणून सगळे एकत्र जेवतात. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यापुढे वाढलेलं होतं. टेबलाच्या टोकाला बसणारा फर्गस म्हणाला की जागा मिळूनही जो येत नाही, त्याचं पान इथे वाढतात. ‘येत नाही’ असं त्यानं कळवलं की खुर्ची उचलायची. हिनं कधी कळवलंच नाही, त्यामुळे ही आमच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, उना आज गप्प आहे, पाहुणी बघून बुजली असेल. कुणी हसलं नाही.

खुर्चीच्या पाठीला नाव होतं, उना रेनी. भांडी उचलली तेव्हा तिच्या वाडग्यातलं बार्लीचं सूप संपलेलं होतं. मी सबंध वेळ तिकडेच बघत होते, आत्या.

ती तूच का? लवकर लिही. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मॉर्व्हन


स्ट्रॉमनेस, ८ एप्रिल

चि. मॉर्व्हन हिस अनेक आशीर्वाद.

सूप त्या फर्गसनं ढोसलं असेल. त्या वयाची पोरं वाडगासुद्धा खातील. आणि आईबाबांच्या भांडणात ताटावरून उठू नकोस, जेवून मग उठ.

हो, ती मीच. आई गेली त्या वर्षी मला किल्मोराची जागा मिळाली होती. तुझे आजोबा बोटीवर एकटे पडले असते, म्हणून गेले नाही. पण तसं कळवलं नाही. आपल्या बेटावर तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं. शेजारी बोट मागायला आला आणि द्यायची नसली, तर आपण वाऱ्यापावसाबद्दल बोलत बसतो, आणि तो समजून घरी जातो. मला वाटलं, किल्मोराही समजेल.

आता हसू नकोस. कित्येक वर्षं संध्याकाळी जेवायला बसले की भूक मेलेली असते आणि जिभेवर बार्लीची चव असते. मी बार्ली शिजवत नाही. मागच्या हिवाळ्यात भांडी घासताना मी एक लॅटिन प्रार्थना अडखळल्याशिवाय म्हटली. लॅटिन मी शिकलेच नाही, पोरी. वय झालं, असं म्हणून सोडून दिलं होतं.

कुठे जायचं ते तुझं तू ठरव. पण जिथे जाणार नाहीस, तिथे स्वतःच्या हातानं ‘नाही’ लिही. मागे कुणाला ठेवू नकोस.

तुझी जुनी
उना आत्या


इन्व्हर्नेस, १९ मे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हार्टवेल ठरलं. बाबा गप्प आहेत, म्हणजे वाऱ्यापावसाबद्दलसुद्धा बोलत नाहीत. किल्मोराला ‘मी येणार नाही’ असं लिहिताना मला फार उद्धट वाटलं. बेटावरचं रक्त, दुसरं काय. दोन शब्दांचं उत्तर आलं : खुर्ची उचलली. मला मोकळं वाटलं आणि घटकाभर असंही वाटलं, की दार लावताना पलीकडे कुणाची तरी बोटं होती.

आत्या, तूही लिहून टाक ना. एक ओळ पुरे. मी सुट्टीत येईन तेव्हा मला तू सगळी हवी आहेस, उरलेली नको.

माया असू दे,
मॉर्व्हन


स्ट्रॉमनेस, ११ जून

चि. मॉर्व्हनला आशीर्वाद.

लिहायला बसते आणि हात थांबतो. तुझी कोरी खुर्ची होती, उचलली. माझ्या खुर्चीत कुणीतरी जेवतं आहे. तिनं मी न वाचलेली पुस्तकं वाचली, मला न मिळालेल्या मैत्रिणी केल्या, आणि ती अजून अठराची आहे. तिला न बघताच ‘नाही’ म्हणू?

एकदा जाऊन येते. गुरुवारच्या बोटीनं निघते. चेहरा बघून मग काय ते तोंडावर सांगेन. मांजर शेजारी ठेवलं आहे. तू काळजी करशील हे ठाऊक आहे, पण बाबांना सांगू नकोस एवढंच सांगते.

लोभ तुझ्याकडे ठेवून जाते, सांभाळ.

उना आत्या


लंडन, १४ ऑक्टोबर

ती. उना आत्यास,
मॉर्व्हनचा सा. न. वि. वि.

हे पत्र स्ट्रॉमनेसला नाही, किल्मोराला पाठवते आहे, त्या टेबलावर.

स्ट्रॉमनेसहून मला पत्रं येतात. अक्षर तुझंच आहे. किल्मोराचं काम एका ओळीत उरकलं, काही जड गेलं नाही, असं लिहिलं होतं. पण त्या पत्रांत मला कुणी चिडवत नाही. ताजा मासा किती गोड लागतो, याचंच कौतुक. मांजर जवळ येत नाही म्हणे. मागच्या पत्रात विचारलं होतं, घरात साखर कुठे असते, आणि मी कुठल्या विद्यापीठात गेले. मी कळवलं, चहाच्या मागच्या निळ्या डब्यात. दुसऱ्याचं उत्तर दिलं नाही.

बाबा भेटून आले. म्हणाले, उनाची तब्येत सुधारली, अगदी अठराची पोर वाटते. फार खूश होते.

मी इथे बरी आहे. उभ्यानंच जेवते. माझं नाव अजून कुणी धड घेत नाही. काल संध्याकाळी मात्र सँडविचचा घास घेतला आणि जिभेवर बार्ली आली. माझी खुर्ची तर उचलली आहे. मग तूच आठवण काढली असशील, असं धरते.

फर्गसला सांग, सूप गरम वाढ म्हणावं, तुला गार आवडत नाही.

आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे, आत्या. पण तुझं उत्तर आलं नाही, तर ते ‘नाही’ आहे असं मी समजणार नाही.

तुझीच,
मॉर्व्हन