एका बसवरून दुसरीवर

दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला तुझ्याकडून माझ्याकडे आणून आठवडा झाला. रोज संध्याकाळी ती पिशवी भरून दारात बसते आणि तुझी वाट बघते. जेवण नावालाच. तू म्हणत होतीस की तिचं विसरणं वाढलंय, चार दिवस सोबत येऊन राहते, तिला रुळू दे. मीच उडवून लावलं.

आमच्या विजेच्या उपकेंद्रात दोन बसबार आहेत, म्हणजे सगळ्या लाइन जिथे येऊन टेकतात त्या जाड नळ्या. एका बसवरची लाइन दुसरीवर न्यायची तर आधी दोन्ही बस जोडायच्या, लाइन थोडा वेळ दोन्हींवर ठेवायची, मगच पहिली सोडायची. आधीच सोडली तर जाळ उठतो आणि गाव अंधारात जातं. नव्या पोरांना हे मीच घसा फोडून शिकवतो. आईला मात्र सरळ उचलून आणलं. फार चुकलं गं. तू ये.

माया पातळ करू नकोस.
तुझा अतिशहाणा,
ढब्बू

दि. १८ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

बसवरची लाइन म्हटल्यावर मला आधी थांब्यावरची रांगच दिसली. मग पुढचं वाचलं आणि हसू पळालं.

लगेच निघायला हवं, कळतंय. पण शाळेच्या गणवेशांची शिवण गळ्याशी आलीय. आणि खरं सांगू, रागही आहे. आईला गाडीत बसवून तू म्हणालास, ताई, आता तू सुटलीस. इतकी वर्षं मी काय अडकले होते? अजून सकाळी दोघींचा चहा टाकते. हातातलं उरकलं की येते.

जिवाला जप.
ताई

दि. २५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई आता दारात बसत नाही. पोटभर जेवते. तुझं नावही काढत नाही, आणि तेच मला खुपतंय. राग नंतर काढ, वाटल्यास दोन धपाटे घाल. गणवेश राहू देत, निघ.

वाट बघतो.
ढब्बू

दि. ११ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. मी निघाले तेव्हा तू ड्यूटीवर होतास म्हणून लिहिते. चारही दिवस आई माझ्याशी गोड वागली, अगदी पाहुण्यांशी वागतात तशी. स्वतःची खुर्ची दिली. मी तिचे केस विंचरायला घेतले, तर म्हणाली, "तुला त्रास होईल." तुझ्यावरचा राग केव्हाच गेला. गणवेशांच्या नावाखाली मी रुसून बसले, त्याचं काय करू?

निघताना पाया पडले. तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा गं आता लवकर. घरी आई वाट बघत असेल."

मी हो म्हटलं आणि निघाले.

आपल्या दोघांतली माया तरी राहू दे.
ताई