भूक नसलेली वस्ती

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

२०३० पर्यंत जगातील भूक संपवायची आहे आणि नळदुर्ग परिसरापुरती ती मी, इथल्या महाविद्यालयातले तास सांभाळून, संपवायची आहे. पाच वर्षे हाताशी आहेत — घाई नको! आज धाराशिवला सर्वेक्षकांना प्रशिक्षण दिले. घरटी आठ प्रश्न. 'अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली का?' इथून आरंभ, 'अख्खा दिवस उपाशी राहावे लागले का?' इथे शेवट. संख्याशास्त्राच्या दृष्टीने रचना अतिशय देखणी आहे. मी फळ्यावर आठ पायऱ्यांचा जिना काढून ती उलगडून सांगितली. जेवण अडीच वाजता आले. तोवर सगळे सभागृह चौथ्या पायरीवर — 'जेवण चुकवावे लागले का?' — पोहोचले होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अणदूरच्या पुढची वस्ती. चौदा घरे, आठ प्रश्न, एकशे बारा उत्तरे — एकशे बारा वेळा 'न्हाय'. शिवाय पाच घरी भाकरी, दोन घरी हुलग्याचे माडगे, चहा अगणित. 'आधी खावा, मग इचारा.' भुकेचे सर्वेक्षण करून मला अपचन झाले आहे!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पद्धत कुठे चुकली ते पाहण्यासाठी पुन्हा गेले. वस्तीच्या समाजमंदिरात, सर्वेक्षण करवणाऱ्या संस्थेच्याच निधीतून, एकट्या राहणाऱ्या अकरा वृद्धांसाठी दुपारचे जेवण शिजते. केशरबाई शिजवतात. त्यांना विचारले, लाभार्थी कुठे आहेत?

'लाभार्थी कुणी न्हाय, मॅडम. समदी कामावर हायेत.'

खरोखरच होती! धुरपदाबाई लसूण सोलत होत्या. महांतप्पा वय वर्षे ऐंशी, हुद्दा — 'टायम बघणं'. दोघीजणी मांजर हाकलत होत्या. मांजर एकच. काम उरकल्यावर, आता वेळ झालीच आहे म्हणून, सगळे पंगतीला बसले. 'राबून खातो, फुकटचं न्हाय,' महांतप्पांनी मला बजावले. अन्नसुरक्षेवरच्या एकाही ग्रंथात ही व्यवस्था मी वाचलेली नाही. ग्रंथांचेच नुकसान.

१० नोव्हेंबर, सोमवार

संस्थेचे समन्वयक दिग्विजय यांचा दूरध्वनी. 'अभिनंदन, मॅडम! तुमची वस्ती भूकमुक्त!' प्रमाणपत्र मिळणार. आणि वस्तीत भूकच नसल्यामुळे जेवणाचा निधी एक डिसेंबरपासून बंद. 'एका तरी घराचा होकार हवा होता. एक असता तरी चाललं असतं.' मी क्रमवार समजावले — जेवण मिळते, म्हणून ते उपाशी नाहीत. जेवण काढले, की होतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. 'बरोबर आहे. पण तसा रकाना नाही, मॅडम.'

उत्तरे दुरुस्त करण्याची पंधरा तारखेची मुदत मी वीस करून घेतली. भुकेविरुद्धच्या जागतिक लढ्यात हे माझे योगदान.

१२ नोव्हेंबर, बुधवार

समाजमंदिराच्या फरशीवर खडूने जिना काढला. पाऊण तास बोलले. एकाने 'होय' म्हटले की अकरा जणांचे जेवण वाचते, इतके सोपे! सर्वांना तत्काळ कळले.

महांतप्पा म्हणाले, 'एकच पायजे न्हवं? मग धुरपदाचं लिवा.'

'माझं का म्हून? तुमचं लिवा की! प्वाट बघा, पाठीला लागलंय!'

हशा झाला. मग धुरपदाबाईंनी विचारले, 'ह्ये कागद गावात वाचत्यात व्हय?' वाचतात. ग्रामसभेत, मोठ्याने, नाव, आणि पुढे मुलाचे नाव. पारदर्शकता!

'मंजी माझ्या बजरंगचं नाव घेणार. आईला उपाशी ठिवतो म्हून.' बजरंग पुण्यात टेम्पो चालवतो. 'त्येचं त्येलाच पुरंना तितं. दिवाळीला लुगडं धाडलंय की त्येनं. न्हाय मॅडम. न्हाय लिवा.'

अकराही जणांचे कुणी ना कुणी पुण्यात, सोलापुरात, हैदराबादेत आहे. अकराही जणांनी नकारार्थी मान हलवली. मी जिना पुसला. फडके केशरबाईंनी दिले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रमाणपत्र आले. सागवानी चौकट. टपालात काचही फुटली नाही — यंत्रणा कार्यक्षम आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केशरबाई फोनवर : 'डाळ हाय म्हयनाभर पुरंल इतकी. पर त्येच्या म्होरं ह्यास्नी कामावर येऊ नगा म्हून सांगायचं कुणी, मॅडम? म्या न्हाय सांगणार बगा.'

मी तीन पानी निवेदन लिहिले. मुद्देसूद. तळटीपांसह. दिग्विजय यांनी अंगठा उंचावलेले चित्र पाठवले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

धुरपदाबाई एकट्याच एस.टी.ने नळदुर्गला आल्या, तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभ्या राहिल्या. 'काडा कागद. आठच्या आठ व्हय लिवा.'

लिहिले. मग नियमाप्रमाणे कुटुंबाचा तपशील विचारला.

'पोरगं न्हाय मला. झालंच न्हाय, असं लिवा.'

अपत्ये : निरंक.