पहारेकऱ्यानं विचारलं, जेवलात का?

कुंभकोणम्, रविवार, मे १९९२

आज नात सुमतीनं मला तिच्या फाशांच्या खेळात बसवलं. सगळे मिळून बोलत बोलत गोष्ट घडवतात; लढाई आली की फासे टाकून निकाल लावतात.

"आजोबा, तुम्ही शत्रूच्या किल्ल्याचे पहारेकरी. कुणाला आत सोडू नका."

मी चौथी शिकलेला, खेळ नासवीन ही धास्ती. गोष्टीत तिच्या मैत्रिणी किल्ल्याशी आल्या आणि सवयीनं तोंडून गेलं, "जेवलात का?"

"अहो, तुम्ही शत्रू!" सुमती हसली. फासे मुठीतच.

एक मैत्रीण हळूच म्हणाली, "दोन दिवस उपाशी आहोत. आत आमचा भाऊ कोंडलाय."

मला कठोर होताच येईना. "दहीभात आहे, आधी जेवा. मग न्या त्याला."

सुमतीनं फासे न टाकताच खाली ठेवले. "दार उघडलं."

लढाईशिवाय? माझ्या एवढ्याशा प्रश्नानं?

फासे अजून तिण्णैवर, दारापुढच्या कट्ट्यावरच आहेत. उचलायला हात धजत नाही.