चवड्यावर बसणं

बोरी अरब, १९६३

पाटलीनबाईले कौसल्याचा जयभीम.

तुमचा निरोप नागपूरच्या दवाखान्यात भेटला. "धातूच बसवून घे, नाहीतर आमची तूर पाखडाले कशी बसशील?" काळजी माह्या पायाची होती का तुमच्या तुरीची, ते विचारत नाही.

डॉक्टरनं दोन इलाज सांगितले. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात धातू बसवला तर अंगठा वाकेल, पण धातू पुढं सैल पडू शकतो. हाडं जोडून टाकली तर दुखणं जाईल, पण अंगठा कायमचा ताठ राहील आन् चवड्यावर बसणं बंद.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, जोडूनच टाका."

माही माय आन् मी तुमच्या अंगणात चवड्यावरच बसत आलो. आमचं लुगडं सारवलेल्या जमिनीले लागू नये, असा तुमच्या सासूबाईचा कायदा होता. दीक्षा घेतली, तरी तुमचं अंगण आलं की पाय आपोआप वाकत होते.

आता अंगठा वाकत नाही. दुखतही नाही. काल बाजारात पायीच गेलती, लई बरं वाटलं.

हे पत्र पुढं धाडलं, सोमवारी मीच येईन. तूर पाखडून देईन. मले ओसरीवर खुर्ची काढून ठेवा.

कौसल्या